वय विचारण्याआधी माणसाला विचारा



३ फेब्रुवारीला, संत ब्लेझ यांच्या सणाच्या दिवशी, गळ्याशी दोन मेणबत्त्या धरून आपण आशीर्वाद घेतो. गळ्याच्या दुखण्यापासून देवाने राखावे, ही आपली प्रार्थना असते. तरीही काही घरांत ते दुखणे येतेच. विडी, तंबाखू आणि मशेरी यांच्या या मुलखात गळ्याचा कर्करोग आपल्याला अनोळखी नाही. तो बहुधा उतारवयात येतो, आणि एकटा येत नाही. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, धुराने खराब झालेली फुप्फुसे असे जुने सोबती आधीच घरात असतात.

अशा घरी आम्ही धर्मगुरू जातो तेव्हा दोन प्रकारचे बोलणे कानी येते. कोणी म्हणते, "पिकले पान आहे, आता कशाला हाल करायचे?" कोणी म्हणते, "शेत विकू, पण काहीही करून वाचवूच." दोन्ही बोलणी प्रेमाचीच असतात. पण यांतले नैतिकदृष्ट्या योग्य कोणते?

आधी वैद्यकशास्त्र काय सांगते ते पाहू. गळ्याच्या वाढलेल्या कर्करोगावर मुख्यतः दोन वाटा आहेत. एक म्हणजे शस्त्रक्रिया. तीत कधी स्वरयंत्रच काढावे लागते. दुसरी म्हणजे सुमारे सात आठवडे किरणोपचार आणि त्यासोबत सिस्प्लॅटिन हे औषध. हे औषध मूत्रपिंडाला आणि कानांना सोसावे लागते. म्हणून ज्याची मूत्रपिंडे मधुमेहाने थकली आहेत त्याला ते देता येत नाही. जगभरातील अनेक चाचण्या एकत्र करून २००९ साली एक विश्लेषण प्रसिद्ध झाले. किरणांसोबत औषध दिल्याचा फायदा वयाबरोबर कमी होत जातो, असे त्यात दिसले. डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या या रुग्णांपैकी जे दगावले, त्यांत पन्नाशीच्या आतील शेकडा १५ जणांना कर्करोगाने नव्हे, तर दुसऱ्याच कारणाने मरण आले होते. सत्तरीपलीकडे हे प्रमाण शेकडा ३९ होते.

म्हणजे "वय झाले, सोडून द्या" हेच खरे का? तसे नाही. आपल्याच राज्यातील, मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात, सिस्प्लॅटिन न झेपणाऱ्या ३५६ रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना फक्त किरणोपचार दिले, निम्म्यांना त्यासोबत डोसीटॅक्सेल हे दुसरे औषध दिले. दोन वर्षांनी पहिल्या गटात शेकडा सुमारे ४२ जण हयात होते, दुसऱ्यात सुमारे ५१. मात्र तोंड आणि घसा सोलवटण्याचा तीव्र त्रास शेकडा २२ वरून ५० वर गेला. एक औषध चालत नाही म्हणून सगळे दार बंद होत नाही, हे यावरून कळते. पण उघडलेल्या दारातून जायचे तर किंमत मोजावी लागते, हेही कळते. ती किंमत मोजावी की नाही, हे कोणताही आकडा ठरवू शकत नाही.

इथे ख्रिस्तसभेची शिकवण आपल्या मदतीला येते. १९५७ साली पोप पायस बारावे यांनी डॉक्टरांपुढे हा विषय मांडला. जीव राखण्यासाठी साधारण उपाय करणे हे कर्तव्य आहे. स्वतःवर किंवा दुसऱ्यावर अतिशय जड भार टाकणारे उपाय करणे बंधनकारक नाही, असे त्यांनी सांगितले. १९८० च्या व्हॅटिकनच्या घोषणापत्राने हेच पुढे नेले. उपायाचा त्रास, खर्च आणि अपेक्षित फळ यांचा मेळ त्या रुग्णाच्या शारीरिक आणि मानसिक बळाशी घालावा. म्हणून ऐंशी वर्षांच्या काटक माणसाला जो उपाय साधारण, तोच साठीच्या हृदयरोग्याला अतिजड ठरू शकतो. वजन करायचे ते भाराचे आणि फळाचे. माणसाच्या मोलाचे कधीच नाही. आणि भार नाकारणे म्हणजे मरण ओढवून घेणे नव्हे.

पोप जॉन पॉल दुसरे यांचे उदाहरण आठवा. वय ८४, कंपवाताचा जुना आजार. २४ फेब्रुवारी २००५ रोजी श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडण्याची शस्त्रक्रिया त्यांनी स्वीकारली. मार्चअखेर प्रकृती ढासळली तेव्हा त्यांना पुन्हा रुग्णालयात नेले नाही. ते आपल्या खोलीतच राहिले आणि २ एप्रिलला प्रभूकडे गेले. वय तेच, माणूस तोच. एका उपायाला होकार, दुसऱ्याला नकार. दोन्हींत श्रद्धा होती.

पण होकार-नकार द्यायचा कोणी? आपल्या घरांत बहुतेक वेळा मुलगे आणि जावई ठरवतात. आजाऱ्याला रोगाचे नावही सांगत नाहीत. यरीहोच्या रस्त्यावरचा बार्तीमय आंधळा आहे हे सर्वांना दिसत होते, तरी येशूने त्याला विचारले की, मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे. लोक मात्र त्याला गप्प बसवीत होते. आपण कोणाच्या बाजूला उभे आहोत? गळ्याच्या कर्करोगात हा प्रश्न अधिकच तातडीचा आहे, कारण उपचारात आवाजच जाऊ शकतो. तेव्हा विचारायचे ते आधी विचारा.

विचारताना उत्तरही नीट ऐका. "माझ्यावर पैसे घालवू नका" असे म्हातारा बाप म्हणतो, तेव्हा ती त्याची इच्छा आहे की आपल्या चेहऱ्यावरची काळजी त्याने वाचली आहे? शंका असेल तर खर्चाची वाट आधी शोधा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या सर्वांना आयुष्मान भारत योजनेतही संरक्षण मिळते. मग तोच प्रश्न त्याला पुन्हा विचारा.

उपचार नको असे ठरले तरी सेवा थांबत नाही. वेदना कमी करणे, तोंड ओले ठेवणे, उशाशी बसणे हे सदैव आपले कर्तव्यच आहे. आणि रुग्णाभ्यंग संस्कार अखेरच्या घटकेसाठी राखून ठेवू नका. उपचार सुरू होण्यापूर्वीच आम्हाला बोलवा. आजाऱ्याला स्वतःच्या आवाजात "आमेन" म्हणता यावे, एवढीच आमची इच्छा आहे.

प्रभू आपल्या घरातील सर्व आजाऱ्यांना धीर देवो आणि आपल्याला त्यांचे ऐकणारे कान देवो.

आपले धर्मगुरू