प्रगतिपुस्तकातले सत्य



मुलाचे प्रगतिपुस्तक घरी आले की आपली नजर आधी कुठे जाते? बहुधा श्रेणीवर. मग शेजारच्या मुलाला काय मिळाले याची चौकशी होते. शिक्षकांनी लिहिलेली नोंद बरेचदा न वाचताच सही केली जाते.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आठवीपर्यंत कोणाला नापास करायचे नाही, असे ठरले. महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. गुणांच्या जागी श्रेणी व वर्णनात्मक नोंदी आल्या. ९१ च्या पुढे अ-१, ८१ ते ९० अ-२, अशी ती उतरंड. म्हणजे ८१ आणि ९० एका श्रेणीत, तर ९० आणि ९१ मात्र वेगळ्या! माप सोयीसाठी असते. त्यावरून मुलाची किंमत ठरवणे अन्यायाचे आहे.

मग मापच नको का? तसे नाही. नापासाचा शिक्का बसलेले कितीतरी मूल शाळा सोडून घरी बसले, हे खरे. पण वाचता न येणाऱ्या मुलाला 'छान' म्हणून वरच्या वर्गात ढकलणे हीसुद्धा दया नव्हे. खालच्या श्रेणीतल्या मुलांना जादा मार्गदर्शन देऊन वर आणावे, अशी या पद्धतीत अपेक्षा होती. ते काम झाले नाही तर उरते ती केवळ ढकलगाडी. २०१९ साली कायदा बदलला आणि २०२३-२४ पासून महाराष्ट्रात पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली. न जमल्यास फेरपरीक्षेची संधीही ठेवली गेली. परंतु मधल्या काळात मुलाला कोणी शिकवलेच नाही, तर परीक्षा पुन्हा तेच सांगणार.

शुभवर्तमानातील दृष्टांतात धनी आपल्या दासांना ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे धन देतो. पाचाचे दहा करणारा आणि दोनाचे चार करणारा, दोघांचेही तो सारखेच कौतुक करतो. हिशेब मात्र तो सर्वांकडून घेतो. मूल्यमापनही असेच हवे: हिशेब खरा, पण तुलना मुलाच्या स्वतःच्या कालशी.

म्हणूनच एकच वाक्य तीस मुलांच्या पुस्तकांत उतरवणे हे असत्य आहे. 'भागाकारात हातचा विसरतो, पण चूक दाखवली की स्वतः सुधारतो,' हे वाक्य त्या एकाच मुलाचे असते. असे लिहायला मुलाकडे नीट पाहावे लागते. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात शिक्षकांना ते किती कठीण जाते, हेही आपण पालकांनी समजून घ्यावे.

आपल्या हाती काय आहे? पुढच्या वेळी सही करण्यापूर्वी ती नोंद मुलाला शेजारी बसवून वाचूया. 'किती मिळाले?' याआधी 'काय जमले, काय अडले?' असे विचारूया. आणि जे अडले आहे, त्यासाठी रोज पंधरा मिनिटे त्याच्याबरोबर बसूया.