दिले म्हणजे सुटलो?



हौसेने आणलेले पिल्लू सहा महिन्यांत नकोसे होते. मग ‘कुणीतरी सांभाळील’ म्हणून ते बाजारात सोडले जाते. उपासमार होईल असे प्राण्याला सोडणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहेच. शिवाय प्राण्यांना दयेने वागवणे हे आपले देणे आहे, असे ख्रिस्तसभेचे धर्मशिक्षण (परिच्छेद २४१६) सांगते.

पिल्लू दुसऱ्याला देण्यात पाप नाही. काही न विचारता देणे चूक आहे. त्या घरी सर्वजण राजी आहेत का? दिवसभर साखळीला तर बांधणार नाहीत ना? दहा-बारा वर्षांचा खर्च झेपेल का? रेबीजची लस टोचून, खोडी न लपवता द्यावे. महिन्याने चौकशी करावी. जमले नाही, तर परत आणावे. तोवर आपण सुटलो नाही.