पूजेआधीची पाहणी

खंडेनवमीला आपण हत्यारे, यंत्रे पुसतो, हळदकुंकू वाहतो, झेंडूची माळ घालतो. ज्यावर पोट आणि प्राण अवलंबून, त्याला देव मानण्याची ही रीत. पण देव मानणे म्हणजे नेमके काय? पाचाडजवळच्या हिरकणीवाडीतून रायगडावर जाणाऱ्या रोपवेत बसणारा आपला जीव पोलादी दोरावर सोपवतो. दोराची तुटकी तार फुलांखाली झाकली जाते, सांधली जात नाही. म्हणून पाळणा सुटण्यापूर्वी दोर, ब्रेक, जोड न्याहाळणारी नजर हीच खरी पूजा. १९४८च्या कारखाने अधिनियमाने उचलयंत्रांच्या दोर-साखळ्यांची वर्षातून एकदा तरी पूर्ण तपासणी सक्तीची केली होती. पण गंज वर्षभर थांबत नाही.

कोणी म्हणेल, होणारे टळत नाही. मग तपासणी म्हणजे अश्रद्धाच नव्हे का? नाही. आपल्या हातातले सारे केल्याशिवाय दैव कुठे सुरू होते, हे कळतच नाही. २ ऑगस्ट २०१६ रोजी महाडजवळचा सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला, प्रवाशांसह एसटी गाड्या वाहून गेल्या. पुराला दैव म्हणता येईल. पुलाचे वय मात्र ठाऊक होते. रोज ठीक निघणारे यंत्र रोज कशाला पाहायचे, हा प्रश्नही तसाच. देवापुढचा दिवा कालचा पुरत नाही. पाहणीही कालची पुरत नाही.