राजा, पोथी आणि घर

१८४७ साली पुण्यात विशीतले जोतीराव फुले आणि त्यांचे मित्र सदाशिव गोवंडे टॉमस पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचत होते. पेनला जाऊन तेव्हा ३८ वर्षं झाली होती. ज्या अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी त्याने लेखणी झिजवली, तिथे तो पाखंडी ठरला होता; त्याच्या अंत्ययात्रेला जेमतेम मूठभर माणसं होती.

पेनचा सगळा रोख एकाच प्रश्नावर होता: हा अधिकार तुला दिला कोणी? १७७६च्या जानेवारीत ‘कॉमन सेन्स’मध्ये त्याने तो इंग्लंडच्या राजाला विचारला. ‘राइट्स ऑफ मॅन’मध्ये पूर्वजांना विचारला, मेलेल्या पिढ्यांनी जिवंतांना कायमचं बांधून ठेवायचं कशाच्या बळावर? पुढे ‘द एज ऑफ रीझन’मध्ये त्याने धर्मग्रंथच उलटतपासणीला घेतले. सृष्टी हेच ईश्वराचं खरं पुस्तक, असं तो म्हणाला आणि तिथेच त्याचे चाहते पांगले.

पुण्यात पेशवाई १८१८ सालीच गेली होती, तरी जन्मावरचा आणि पोथीतला अधिकार जागचा हलला नव्हता. तेव्हा पेनचा प्रश्न इथे राजाला विचारण्यात अर्थ नव्हता. फुल्यांनी तो जातीला विचारला. त्यांचा ‘निर्मीक’ पेनच्या सृष्टिकर्त्याच्या जवळचा: त्याला मध्यस्थ लागत नाही, आणि तो माणसाला जन्मतःच स्वतंत्र घडवतो.

पण फुल्यांना अमेरिकेचा नुसता भक्त म्हणणं मला पटत नाही. सगळी माणसं समान, असा अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा टॉमस जेफरसन स्वतः शेकडो गुलामांचा धनी होता. त्याच्या मृत्यूनंतर कर्जफेडीसाठी त्याच्या मळ्यावरच्या माणसांचा लिलाव पुकारला गेला, तो १८२७च्या जानेवारीत. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये फुले जन्मले. १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण करताना फुल्यांनी आठवण काढली ती जाहीरनामा लिहिणाऱ्यांची नाही, तर गुलामांच्या मुक्तीसाठी झिजलेल्यांची. कुणाचं ऋण मानायचं, हे त्यांना नेमकं कळत होतं.

पुढचं पाऊल त्यांचं स्वतःचं आहे. १८८८ साली पक्षाघाताने उजवा हात गेल्यावर त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून काढलं. ते छापून आलं १८९१ साली, त्यांच्या पश्चात. त्यात स्त्री आणि पुरुष दोघेही हक्कांचे सारखेच धनी आहेत. एकाच कुटुंबात बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असावा आणि तरी सगळ्यांनी गोडीगुलाबीने नांदावं, असं चित्र त्यांनी रंगवलं. पेन राजवाड्यात आणि चर्चमध्ये शिरला होता. घराच्या उंबऱ्याच्या आत असा तो कधी आला नाही.

धागा पुढे सरळ जात नाही. बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर फुल्यांना गुरू मानणाऱ्या बाबासाहेब आंबेडकरांनी १९५४च्या आकाशवाणीवरील भाषणात बजावलं, की स्वातंत्र्य, समता, बंधुता आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, बुद्धाकडून घेतली. तेव्हा घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांमध्ये फुले-आंबेडकरांच्या तसबिरी शेजारी लागतात, त्यामागचा विचार कुठून उसना आणलेला नाही. पेन त्यातला एक पाहुणा.

फुल्यांचं समग्र वाङ्मय राज्य सरकारने छापलं आहे. आंतरधर्मीय लग्न म्हटलं की ज्या सोसायट्यांमध्ये आजही कुजबुज सुरू होते, तिथल्या गच्चीवरच्या फुले जयंतीला भाषणाऐवजी ते कुटुंबाचं पान मोठ्याने वाचा.