सिनौलीचे मृत आणि आपले वाद

दिल्लीहून बागपतमार्गे सहारनपूरकडे निघालेला रस्ता उसाच्या आणि साखर कारखान्यांच्या मुलखातून जातो. याच रस्त्यावरच्या बडौतपासून जवळ सिनौली आहे. नकाशावर हे गाव राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात येते, पण तिथे राजधानीची खूण दिसत नाही. चार हजार वर्षांपूर्वीची दफनभूमी पाहायला गेलेल्याला शेतेच दिसतात. उत्खननाचे खड्डे बुजवले गेले आहेत आणि महत्त्वाच्या वस्तू दिल्लीला नेल्या आहेत.

२००५ मध्ये इथे शेत सपाट करताना हाडे आणि भांडी वर आली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे डी. व्ही. शर्मा यांनी केलेल्या उत्खननात ११६ दफने सापडली. २०१८ मध्ये सर्वेक्षणाच्याच संजय मंजुल यांच्या पथकाने शेजारी पुन्हा खोदले. तेव्हा तांब्याने मढवलेल्या, पाय असलेल्या लाकडी शवपेट्या मिळाल्या. एकीच्या झाकणावर शिंगांचे मुकुट घातलेल्या मानवाकृती होत्या. तलवारी, ढाली आणि चाकांवर तांब्याचे त्रिकोण जडवलेली तीन वाहनेही हाती लागली. एवढ्यावर देशभर वाद पेटला.

वाद वाहनांवरून होता. मंजुल यांच्या मते हे युद्धरथ होत, आणि ते घोड्यांनी ओढले असावेत. आस्को पार्पोला यांच्यासारखे अभ्यासक भरीव, आरे नसलेल्या चाकांकडे बोट दाखवून त्या बैलगाड्या ठरवतात. ओढणाऱ्या जनावराचे हाड दफनांत नाही. तरीही कुणाला त्यात महाभारत दिसले, कुणाला आर्यांचे आगमन, कुणाला त्या आगमनाचे खंडन. २०२१ मध्ये सिनौलीवर माहितीपटही आला. महाराष्ट्रातल्या दायमाबादला १९७४ मध्ये मिळालेला, दोन बैल जोडलेला कांस्यरथ ज्यांना ठाऊक आहे, त्या मराठी वाचकांना बैलांच्या रथाचे नवल वाटू नये. पण ज्यांना घोडाच हवा असतो, त्यांना बैल दिसत नाही.

या गदारोळात दफनांचा मूळ विषय, म्हणजे मरण, मागे पडला. सिनौलीत प्रेते साधारणपणे उत्तरेकडे डोके करून ठेवलेली आहेत. शेजारी मडकी मांडली आहेत. काही खड्ड्यांत भांडी आहेत, पण सांगाडा नाही. गेलेल्या माणसाचा देह हाती आला नसावा, तरी त्याचे करायचे ते केले गेले. आपल्याकडे देह न मिळाल्यास पळसाच्या पानांची प्रतिमा करून पालाशविधी करतात. उत्तरेकडे डोके करून झोपणाऱ्याला घरातली वडीलधारी माणसे अजून टोकतात. यावरून चार हजार वर्षांची अखंड परंपरा सिद्ध होत नाही; तसा दावा करणे धाडसाचे ठरेल. एवढे मात्र कळते, की ज्याला आपण चमत्कारिक चाल म्हणतो तिच्यामागची गरज आपल्याही घरात आहे.

हिंदू म्हणजे दहन, हे समीकरणही तपासून घ्यावे. लिंगायत समाज पुरतो, संन्याशाला समाधी देतात, तान्ह्या बाळाला अग्नी देत नाहीत. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला ताम्रपाषाणयुगातले शेतकरी मुलांना दोन कुंभांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरत. मोठ्यांचे पाय घोट्याखाली तोडून पुरत. बहुधा मृताने चालत परत येऊ नये, ही त्यामागची भीती. पण एका पुरुषाला चार पायांच्या मोठ्या कुंभात बसवून ठेवले होते, आणि त्याचे पाय शाबूत होते. तो गावाचा प्रमुख असावा, असे अभ्यासकांनी अनुमान केले. मेल्यावरही पायरी कायम राहते, हे इनामगावात दिसते तसे सिनौलीतही दिसते. शवपेटी आणि रथ सगळ्यांच्या वाट्याला आले नव्हते.

इनामगावचे उदाहरण आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी तिथे वर्षानुवर्षे उत्खनन केले. ही माणसे काय खात होती, मुले किती लहान वयात दगावत होती, पाऊस उणावल्यावर गावाचे काय झाले, असे प्रश्न विचारले. त्या हाडांना त्यांनी ‘तुम्ही कुणाचे?’ असे विचारले नाही. म्हणून उत्तरे मिळाली आणि ती आजही उपयोगी पडतात. सिनौलीत आपण वंश आणि अभिमान यांचे प्रश्न घेऊन गेलो. सांगाडा वंशाचा दाखला खिशात बाळगत नाही. जनुकांचा अभ्यास माणसांच्या स्थलांतराविषयी काही सांगू शकेल. पण त्यांची भाषा आणि देव त्यातून कळणार नाहीत.

२०२० मध्ये सिनौलीची सुमारे २८ हेक्टर जमीन राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून जाहीर झाली. ती शेतकऱ्यांची आहे. शेती करता येते, बांधकाम करता येत नाही. वारशाची किंमत कुणीतरी मोजत असते आणि इथे ती हे शेतकरी मोजत आहेत. त्यांना किमान एवढे मिळाले पाहिजे: गावातच एक नीट संग्रहालय, आणि प्रत्येक दफनाची तपशीलवार नोंद लोकांसमोर. वाहिन्यांवरची चर्चा त्यानंतर व्हावी. पुरावा ज्यांच्या जमिनीतून निघाला त्यांना तो पाहता येत नसेल, तर त्याच्या जोरावर देशाला अभिमान शिकवण्याचा अधिकार कुणालाही नाही.