ज्यांचा विश्वास उडाला आहे

स्वामीमलैच्या साठ पायऱ्या चढून मुरुगनचं दर्शन झालं, पंचधातूच्या मूर्ती ओतणाऱ्या स्थपतींचं काम पाहून झालं, की मराठी प्रवासी तंजावरची वाट धरतो. भोसल्यांचा राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालय पाहून परततो. त्याने शिवगंगा बागेजवळच्या चर्चमध्येही जावं. तिथे जॉन फ्लॅक्समनने घडवलेलं संगमरवरी शिल्प आहे. मरणशय्येवर जर्मन मिशनरी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ, आणि त्यांचा हात हाती घेतलेले तंजावरचे सरफोजी राजे. शिल्प राजांनीच करवून घेतलं. पोरक्या वयात श्वार्ट्झ त्यांच्या पाठीशी उभे राहिले होते.

मला मात्र त्याआधीची एक हकिकत जास्त मोलाची वाटते. 1781 च्या सुमारास हैदरअलीच्या स्वारीने कावेरीचा हा सारा मुलूख होरपळला. तंजावरच्या किल्ल्यात लोक भुकेने मरू लागले. खेड्यांत धान्य होतं, पण शेतकरी ते आणेनात. सरकारच्या शब्दावर त्यांचा विश्वासच उरला नव्हता. तेव्हा श्वार्ट्झनी मोबदल्याची हमी स्वतःच्या शिरावर घेतली. बैल आले, धान्य आलं आणि त्यांनी पै न् पै चुकती केली.

उपाशी माणसाची दया कुणालाही येते. अडून बसलेल्या शेतकऱ्याची येत नाही. त्याला आपण निर्दय म्हणून मोकळे होतो. श्वार्ट्झनी त्याला दोष दिला नाही. त्याचा संशय खरा मानला आणि त्याची जोखीम आपल्यावर घेतली.

असा संशय रोज आपल्या दाराशी येतो. घरकामाच्या मावशी आगाऊ पैसे मागतात, रंगारी अर्धी रक्कम हातात पडल्याशिवाय डबा उघडत नाही. आपल्याला तो अपमान वाटतो. आपल्याआधी कुणी त्यांची मजुरी बुडवली असेल, हे मनात येत नाही. येशूच्या दाखल्यातल्या शोमरोनी माणसाने वाटेतल्या जखमीच्या जखमा बांधल्या, याविषयी आपण खूप बोलतो, पण त्या जखमीला उतारशाळेत ठेवून निघताना तो तिथल्या मालकाच्या हातावर दोन नाणी ठेवतो आणि जास्त लागलं तर परत येताना देईन म्हणतो, ते विसरतो. जखमीच्या दयेपायी उतारशाळेच्या मालकाला खड्ड्यात घालायचं नाही, एवढं भान त्याला होतं. मावशींनी आगाऊ मागितले तर या महिन्यात कपाळाला आठी न घालता द्यावेत, आणि पुढच्या महिन्यात त्यांनी मागण्याआधी.