प्रार्थना आणि मेंदूतले रक्त

मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिथे काही क्षणांत रक्ताचा ओघ वाढतो. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के, पण विश्रांतीतही शरीर वापरते त्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के त्याला लागतो, आणि साठवणीची सोय त्याच्यापाशी जवळजवळ नाही.

रक्ताचा हा वाढता ओघ प्रथम दिसला तो एका प्रार्थनेच्या निमित्ताने. इटलीत तुरिन येथील शरीरशास्त्रज्ञ अँजेलो मोसो यांनी बर्तिनो नावाच्या शेतकऱ्याच्या मेंदूची स्पंदने नोंदवली. अपघाताने त्याच्या कवटीला भोक पडले होते. दुपारी चर्चची घंटा वाजली आणि स्पंदने एकाएकी वाढली. ‘आवे मारिया’ म्हणायचे राहिले का, असे मोसोंनी विचारताच ती पुन्हा उसळली. हाताची नाडी मात्र होती तशीच राहिली. पुढे त्याला ८ गुणिले १२ करायला सांगितले, तेव्हाही तोच प्रकार घडला. श्रद्धा आणि गुणाकार यांतला फरक त्या आलेखाला कळत नव्हता, आणि रक्ताच्या ओघावरून मनातले ओळखण्याच्या सगळ्या प्रश्नाचे मूळ इथेच आहे.

पेशींच्या कामातून निघालेली द्रव्येच रक्तवाहिन्या रुंदावतात, असे शरीरशास्त्रज्ञ रॉय आणि शेरिंग्टन यांनी १८९० मध्ये सुचवले. आज चित्र अधिक गुंतागुंतीचे दिसते. चेतापेशी ग्लुटामेट सोडतात, त्याबरोबर नायट्रिक ऑक्साइडसारखे निरोप धमन्यांच्या स्नायूंपर्यंत जातात. शेजारच्या तारकापेशी आणि वाहिन्यांचे आतले अस्तरही त्यात भाग घेतात. म्हणजे टंचाई होण्याची वाट न पाहता पुरवठा आधीच निघतो, आणि तोही गरजेपेक्षा जास्त. फॉक्स आणि रेकल या संशोधकांनी १९८६ मध्ये दाखवले की रक्त जितके वाढते, त्या मानाने ऑक्सिजनचा वापर फारच थोडा वाढतो. उरलेल्या ऑक्सिजनमुळे रक्ताचे चुंबकीय गुण बदलतात. सेजी ओगावा यांनी १९९० मध्ये याच बदलाचा उपयोग केला आणि त्यातून मेंदूचे काम चित्रात दाखवणारे कार्यदर्शी एमआरआय उभे राहिले.

त्या यंत्राच्या रंगीत चित्रांवरून ‘ईश्वर मेंदूतच आहे’ असे कोणी म्हणतो, कोणी त्यांतच साक्षात्काराचा पुरावा शोधतो. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. झाड पाहतानाही दृष्टिकेंद्रातले रक्त वाढते. त्यावरून झाड आहे किंवा नाही, यांपैकी काहीच ठरत नाही. शिवाय चित्रातल्या एकेका ठिपक्यात लाखो पेशी असतात, आणि रक्ताची भरती विचारामागून पाचेक सेकंदांनी शिगेला पोहोचते. माँट्रियलमध्ये २००६ साली कार्मेलाइट या कॅथलिक पंथाच्या १५ जोगिणींवर प्रयोग झाला, तेव्हा ईश्वराशी ऐक्य हुकमी साधता येत नसल्याने त्यांना पूर्वीचा अनुभव आठवायला सांगण्यात आले. मोजले गेले ते स्मरणातले रक्त.

भारतीय विचारात या शोधाने सांख्य तत्त्वज्ञांना धक्का बसला नसता. त्यांच्या मते मन, अहंकार आणि बुद्धी ही प्रकृतीची, म्हणजे जड सृष्टीचीच रूपे आहेत; पुरुष, म्हणजे शुद्ध जाणीव, केवळ साक्षी. मन हलले की शरीरात काही हलावे, हे त्यांना मान्यच आहे. अडचण येते ती पुढे. जड बुद्धी जाणती का भासते? लाल फुलाजवळ ठेवलेला स्फटिक लाल दिसतो, असा दाखला परंपरेत दिला जातो. पण फुलाचा रंग स्फटिकात कसा उतरतो हे प्रकाशाच्या नियमांनी सांगता येते. पेशी पेटल्या, वाहिन्या रुंदावल्या, एवढ्यावरून घंटा ऐकल्याची जाणीव का उमटावी, हे सांगणारा नियम अजून कोणाच्या हाती लागलेला नाही.